मुरघासात गेलेलं जोडवं

डाव्या पायात जोडवं न्हाई! पाय धुवायला बसले, पानी वतलं, तर उजव्या पायात हाय आनि डावं बोट मोकळं. तवर मुरघासाची बॅग भरून, हवा काढून, तोंड आवळून बांधून झाली हुती. आनि दिसभर त्या बॅगंत मीच नाचले हुते.

मुरघास म्हंजी हिरव्या मक्याची कुट्टी, बॅगंत पायानं दाबून दाबून भरायची. हवा ऱ्हायली की बुरशी. बांधली की दीड महिना हात लावायचा न्हाई. मालक कुट्टी मशीनवर, सासू पाट्या वतनार, म्हून आत मी. शिरताना सासू वरडली, "चप्पल काढ आधी! गाईच्या ताटात चपला घालून जाती व्हय?" मग अनवानीच शिरले. बाळंतपनात पाय सुजले हुते, सूज उतरली तसं जोडवं ढिलं झालं. दोरा गुंडाळते गुंडाळते म्हनत ऱ्हायलेच.

जोडव्याची टोकं उघडी, टोचनारी. आमची थोरली गाय गाभन. तिच्या पोटात गेलं तर? आनि बॅग फोडावी तर उन्हाळ्याची वैरन नासनार. दोन दिस साडीत पाय लपवून फिरले. तिसऱ्या दिशी लेकीला पाजायला बसले तर सासू म्हनली, "पाय का गं पोटाशी घेती? दाव." मी रडत रडत समदं सांगितलं.

मालक म्हनले, "फोडतो बॅग."

"हात लावू नको," सासू म्हनली. "उघडली की हीच चाळील, पाटी न पाटी."

मालकांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून आनलं. सासू म्हनली, "चांदी चिकटती व्हय त्याला? शाळंत काय केलं रं?"

"हजेरी दिली," मालक म्हनले. ते लोहचुंबक आजून पत्र्याच्या दाराला चिकटून हाय.

दीड महिन्यानं बॅग उघडली. आंबूस, गोडसर वास, बुरशी कुटं न्हाई. रोज जुन्या लुगड्यावर पाटी वतायची, बोटांनी चाळायची, मग गव्हानीत टाकायची. गाय घास घ्यायची तवा मी तिच्या तोंडाकडंच बघत बसायची. हाताचा वास जाईना, लेक बोट चोखायची आनि तोंड वाकडं करायची. पन गाया चवीनं खायच्या, धाकट्या गाईचं दूध बी वाढलं. तेवढ्यानं लई बरं वाटायचं.

बॅग निम्मी झाली. एक दिस सकाळी गव्हान झाडायला गेले, तर थोरलीच्या गव्हानीच्या कोपऱ्यात जोडवं. चाटून चाटून लख्ख. म्हंजी ती पाटी मी चाळली हुती आनि मला घावलंच न्हाई! गाईनं तोंडाशी घिऊन सोडलं हुतं. मी तिच्या मानंला मिठी मारून उभी ऱ्हायले, ती आपली रवंथ करती.

सासूला म्हनलं, "चाळताना घावलं." तिनं सोता दोरा गुंडाळून बोटात घातलं. म्हनली, "चाळनारी हाय माझी सून." मी पाटी उचलून गव्हानीकडं गेले.

आता थोरली सुखरूप व्याली, कालवड झाली. उद्या नवी बॅग भरायची, आत मीच, अनवानी. बोटाला फडकं बांधून.

तुमी असता तर त्या सांजंला बॅग फोडली असती का? आनि सासूला खरं सांगितलं असतं का?