अण्णांचं बोट चुकलं नव्हतं

हे मी सुजाताला सांगितलेलं नाही. सुजाता माझी बायको, आणि ऑफिसात कुणी कुणाचा डबा उघडून खाल्ला हेसुद्धा मी तिला घरी येऊन सांगतो. हे मात्र नाही. मायला नाही, एकाही मित्राला नाही. तुमच्यापाशी बोलतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

तसं पाहिलं तर घडलं काय? कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. फोनवर दोन शब्द बोललो मी. पण ते दोन शब्द सांगायला इतकी वर्षं का लागावीत? थांबा, सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर मी पुन्हा अर्ध्यात सोडून देईन.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात आहे, सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेवर. लग्न झालं, दोन लेकरं झाली, पण दोघांनीच कुठं जायचं ते राहूनच गेलं. लग्नानंतर फिरायला म्हणून वेरूळला गेलो होतो, ते माझ्या आत्याला सोबत घेऊन. त्यावरून सुजाता अजून टोमणे मारते. त्या उन्हाळ्यात तिनंच मोबाईलवर कोकणातलं एक रिसॉर्ट शोधलं. समुद्राला लागून खोली, बाहेर झोपाळा, तिन्ही वेळचं जेवण त्यांचं. 'तिन्ही वेळचं जेवण' वाचलं आणि तिनं बुकिंग करून टाकलं. समुद्राचा नंबर त्यानंतरचा.

लेकरं गावी, केदारखेड्याला, माझ्या माय-अण्णांकडे ठेवायची ठरली. मला वाटलं होतं अण्णा नाक मुरडतील — लेकरं टाकून नवरा-बायको समुद्रावर लोळायला चालले! पण त्यांनीच मला ढकललं. "जाय, जोड्यानं जाय. आम्ही मेलो न्हाई अजून." स्वतः त्यांनी समुद्र पाहिला होता तो दादरला, चैत्यभूमीवर, सहा डिसेंबरच्या गर्दीत. मोकळा, शांत समुद्र कसा असतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा मैत्री, माझी मुलगी, दुसरीत होती. ती रुसून अण्णांच्या धोतरामागं उभी राहिली. धाकट्या सम्यकला काही पडलेलीच नव्हती, तो कोंबड्यांमागं गेला होता.

पहिला दिवस छान गेला. खरंच छान, त्यात खोटं काही नाही. सुजाता गुडघाभर पाण्यात उभी राहून लाट आली की किंचाळायची — चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी ही बाई! मी खुर्चीत पडून होतो. इकडे जालन्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत माणसं थांबलेली, आणि तिथं नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. दिवसभरात कुणी मला 'पप्पा, हे द्या' म्हणालं नाही. मला आमचं नुकतंच लग्न झालंय असं वाटत होतं.

तिथंच ते जोडपं भेटलं. परभणीकडचं, आमच्यासारखंच लेकरं आजीकडे ठेवून आलेलं. मागच्या टेबलावरून त्या गृहस्थानं "मंग काय तर!" म्हटलं आणि मी गर्रकन वळून पाहिलं. परक्या मुलखात आपल्याकडचं बोलणं कानावर पडलं की माणूस वळतोच. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचा काही दोष नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकाच टेबलावर जेवायला बसलो. सुजाता अजून खोलीत केसांतली वाळू काढत होती. सुरमई आली. आणि त्यानं विचारलं, "जाधव म्हणजे कोणते जाधव?"

हा प्रश्न तुम्हाला ठाऊक असेल. त्याला गाव नको असतं. आमच्याकडे जाधव बऱ्याच जातींत सापडतात, तेव्हा नुसत्या आडनावानं कुणाचं समाधान होत नाही. मी गावच सांगितलं — केदारखेडा, भोकरदन तालुका. तो खूश झाला. "मंग आपलेच की!"

मी हसलो. नुसता हसलो. मग त्याच्या बायकोनं कुलदैवत विचारलं. विचारलं कसलं, तिनंच उत्तरही देऊन टाकलं, "तुळजापूरचीच असंल ना?" मी हो म्हटलं. आमच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव पूर्णा नदीत सोडले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, या दोन फोटोंखाली मी वाढलो, शिकलो, नोकरीला लागलो. आणि एका बाईनं माशाचा काटा काढता काढता विचारलं, तर मी हो म्हटलं. का? भीती होती का? कसली भीती? तो माझा साहेब नव्हता, घरमालक नव्हता, परत कधी भेटणारसुद्धा नव्हता. खरं सांगू? त्या 'आपलेच की'ची मला गोडी लागली होती. इतकंच.

त्याच वेळी फोन वाजला.

अण्णांची एक पद्धत होती. साधा बटनांचा फोन, पण माझा नंबर तोंडपाठ. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबायचे आणि पलीकडून उचलला रे उचलला की हॅलो वगैरे काही नाही, खणखणीत "जय भीम!" मग थांबायचे. आपण उलट जय भीम म्हणेपर्यंत पुढचा शब्द नाही. सम्यकला नीट बोलता यायच्या आधी हे उत्तर देता यायला लागलं होतं.

माझे हात तेलाचे. करंगळीनं बटन दाबलं, स्पीकर सुरू झाला. आणि त्या टेबलावर, सोलकढीच्या वाट्यांमध्ये, माझ्या वडिलांचा आवाज आला — "जय भीम!"

मग ते थांबले.

परभणीवाला बघत होता. त्याची बायको बघत होती. किती वेळ गेला असेल? एक घास गिळायला लागतो तेवढा. मी म्हटलं, "राँग नंबर." आणि फोन कट केला. एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी हसून म्हटलं, "कुठून कुठून लावतात लोकं." फोन पुन्हा वाजेल म्हणून तो बंदच केला आणि सुरमईला हात घातला. ती सुरमई मला आवडली होती, हेही सांगून टाकतो.

रात्रीच्या जेवणाला सुजाता होती. त्या बाईनं तिला सहज विचारलं, "तुमच्याकडं घट बसतात का वो?" सुजातानं ताटातून मानसुद्धा वर केली नाही. "न्हाई, आम्ही बौद्ध आहोत," म्हणाली आणि भात पुढं सरकवायला सांगितला. बाईनं "अस्सं का," म्हटलं आणि भात सरकवला. बस. आभाळ कोसळलं नाही. त्या गृहस्थानं तेवढं एकदा माझ्याकडे पाहिलं. दुपारचं तुळजापूर त्याला आठवलं असणार, कदाचित दुपारचा फोनही. सकाळी निघताना हात मिळवून गेला, नीट, चांगला. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

केदारखेड्याला लेकरं आणायला गेलो. अण्णा अंगणात बाजेवर बसलेले, मैत्री त्यांच्या शेजारी. मी गाडीतून उतरतो न उतरतो तोच ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही राँग नंबर का म्हणले?" फोन तिच्यासाठीच लावला होता. तिला समुद्राचा आवाज ऐकायचा होता, अण्णांनाही ऐकायचा होता, म्हणून दोघं एकाच फोनला कान लावून उभे होते.

आता सांगता आलं असतं, नाही? अंगणात आम्हीच होतो. सगळे घरचे. लाज वाटावी असं परकं माणूस एकही नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, आजोबांचं बोट चुकलं असेल."

ती ऐकेना. आवाज तुमचाच होता, मी ओळखला, म्हणत राहिली. मी म्हटलं, आवाज एकासारखा एक असतो. तेव्हा अण्णाच तिला समजावायला लागले, "मीबी तेच म्हणून राह्यलो, माय. बोट बराबर पडून न्हाई राह्यलं माझं." ती माझ्याकडे बघत राहिली. सात वर्षांची पोर. ती खरं बोलत होती आणि आम्ही दोघं मिळून तिला खोटं पाडत होतो. त्यातल्या एकाला ते माहीत नव्हतं. सुजाता डिकीतून पिशव्या काढत होती, तिनंही ऐकलं, आणि अण्णांना म्हणाली, एकदा भोकरदनला डोळे दाखवून या.

अण्णा डोळे दाखवून आले. डोळे चांगले निघाले. तरी त्या दिवसापासून त्यांनी स्वतः नंबर लावणं सोडलं. शेजारच्या कुणाला तरी हाक मारतात, लावून दे म्हणतात. आकडे मोठ्यानं म्हणणं बंद झालं. आणि फोन लागला की आधी विचारतात, "मिलिंद जाधव बोलतात का?" मला — त्यांच्या पोराला — अहोजाहो करून. मी हो म्हटलं की मगच जय भीम म्हणतात. पहिल्यासारखं खणखणीत नाही, बेतानं.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. न राहवून त्यांना विचारलं, अण्णा, आधी नाव कशाला विचारता? माझाच तर फोन असतो.

अण्णा शेंगा फोडत होते. म्हणाले, "मागं एकडाव दुसऱ्यालाच लागल्ता न्हाई का? तुम्ही समुद्रावर गेल्ते तवा. त्यानं जय भीम ऐकलं अन् फोन आपटला. असतेत असे लोक. मंग आधी इचारलेलं बरं."

मी म्हटलं, हो अण्णा, असतात.