खळ्यावरचा दिवा

२२ नोव्हेंबर, शनिवार. जागा वांगणी, माझ्या सासऱ्यांचं शेत. रक्कम पाच हजार रुपये. हजर सासरे, मेव्हणा, बायको आणि मी. रक्कम मीच काढली, कोणी मागितली नव्हती.

खरवईत आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आता तारे धड दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण घेऊन सासुरवाडीला गेलो. डंबेल नावाच्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. मरत आलेल्या ताऱ्याने बाहेर टाकलेला तो वायू. इतका फिका, की दोन-दोन मिनिटांचे चाळीस फोटो एकावर एक रचावे लागतात. त्याला अंधार हवा, आणि जवळून कोणी चाललं तरी दुर्बीण हलते.

खळ्यावर बांबूला एक दिवा होता. शेजारी कापलेलं भात रचलेलं, झोडायचं बाकी. मी म्हटलं, दीड तास दिवा बंद ठेवा आणि सगळे घरातच बसा. मेव्हणा काहीतरी सांगणार होता. सासऱ्यांनी त्याला थांबवलं. जावई कधी काही मागत नाहीत, होऊ दे त्यांचं, म्हणाले. मला वाटलं, दिवा येण्याजाण्यापुरता असेल.

तासाभराने भाताच्या बाजूला खसफस ऐकू आली. मेव्हणा फिरतोय असं समजून मी दबक्या आवाजात म्हणालो, "जरा थांबा, हलू नका."

उत्तर घराच्या दारातून आलं. "भावजी, मी इथे आहे. आता दिवा लावू का?"

दिवा लागला तेव्हा रानडुकरं पळत होती. खाल्लं थोडं, तुडवलं फार. सासऱ्यांचं भात विकायला नसतं, घरात वर्षभर खायला पुरेल एवढंच पिकतं. तोवर माझे तीस फोटो झाले होते. तशातही मी ते मोजून घेतले, याची लाज अजून जात नाही.

नुकसान अंदाजे दोन क्विंटल. बाजारभावाने पाच हजार धरून मी सासऱ्यांपुढे ठेवले. मुलीच्या घरचा पैसा घेत नाही, म्हणून त्यांनी ते परत सरकवले. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादाने असं मागितलं असतं, तर बाबांनी त्यालाच काठी देऊन खळ्यावर उभं केलं असतं. तुम्ही पडलात जावई."

सकाळी निघताना सासऱ्यांनी रीतीप्रमाणे माझ्या हातात पाकीट ठेवलं. नको म्हणायची सोय नव्हती. शेवटी दिले गेले ते एवढेच पैसे: पाचशे एक रुपये, सासऱ्यांनी, मला.