झाडाच्या चिकाचा सूट

साकोलीजवळच्या तलावावर शिंगाडे काढणाऱ्या एका मावशींनी माझं काम वाचवलं. हे आधीच लिहितो, कारण पुढचं सगळं किळसवाणं आहे. त्या नादात त्यांचे आभार मानायचे राहून जातील, अशी मला धास्ती वाटते.

मी समुद्रकाठचा, आठवीत शाळा सोडलेला. आमच्याकडे लाटांवर खेळायला शिकवणारी एक शाळा होती, तिथे मी रबरी सूट धुवायचो. ती बंद पडली तेव्हा मालकांचा एक सूट निम्म्या किमतीत घेतला, तरी दोन महिन्यांचा पगार गेला. बाकीचे सूट कारखान्यातल्या काळ्या रबराचे. हा झाडाच्या चिकाचा, निसर्गाला न दुखवणारा, असं मालक कौतुकाने सांगायचे. मला वाटलं, पाण्यातल्या कामाला जन्मभर पुरेल.

ओळखीच्या ओळखीने या तलावावर लागलो. थंडीत दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वेल उलटवायचे, काटेरी शिंगाडे तोडायचे. मावशी तेवढ्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे डोंग्यात, लहानशा होडीत, बसून तोडायच्या. हेही काम गेलं असतं तर घरी कोणत्या तोंडाने जाणार होतो? इथे उतरण्याआधी अंगाला मोहाच्या बियांचं तेल चोळतात. मीही चोळलं आणि वरून सूट चढवला.

"पाहा वो, भैसीनं कपडे घातले!" मावशी ओरडल्या. अख्खा काठ हसला.

काळ्या सुटांना तेल लागलं तरी फारसं बिघडत नसे, तेच मी डोक्यात धरलेलं. झाडाच्या रबराला तेल सोसत नाही. आतल्या पट्टीवर तसं इंग्रजीत लिहिलंही होतं म्हणे. मला कुठलं वाचता येतंय?

आठ-दहा दिवसांत रबर फुगलं, बुळबुळीत झालं, शिवणी सुटल्या. आत गाळ शिरला, कुजकी पानं शिरली, जळवा शिरल्या. खवट तेलाचा असा वास, की जेवताना स्वतःच्याच हाताची शिसारी यायची. तरी मी घालत राहिलो, पैसे मोजले होते ना! मग काखेत, जांघेत फोड आले, पू धरला.

"बापू, मेलेल्या ढोरावानी वास येऊन राहिला तुह्या अंगाले. काढ ते!"

फुगलेला सूट अंगाला चिकटला होता, निघेना. मावशींनी विळ्याने पाठीवर उभा चिरला. आतलं पाहून मी ओकलो. त्यांनी नाकाला पदर बांधला, पण हात थांबवला नाही.

तेवढ्यात ठेकेदार आला. "उद्या पाण्यात उतरशीन का नाही, ते सांग. नाहीतर दुसरा पाहतो."

मी चिरलेला सूट पायांतून ओढत राहिलो.

"माह्या डोंग्यात बसन तो," मावशी म्हणाल्या. "मी उतरतो पाण्यात."

"मावशी, तुमचे गुडघे..."

"माहे गुडघे माह्याजवळ. तू शिंगाडे तोड."

जुने सोबती फोनवर विचारतात, तो महागडा सूट घ्यावा का रे? सुट्टीत खेळणाऱ्याने, धुऊन सावलीत वाळवणाऱ्याने खुशाल घ्यावा. झाडाचं, समुद्राचं भलं होतही असेल. पाण्यात पोट भरणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

फोड वाळेपर्यंत मावशी माझ्या जागी पाण्यात उभ्या राहिल्या. कधीतरी एक अख्खा हंगाम त्यांच्या वाट्याचे शिंगाडे मी तोडीन. त्यांनी काठावर उन्हात बसून नुसती माझी टिंगल करावी.