तेरावी स्लाइड

कीटकशास्त्र खात्यात सगळे त्यांना स्लाइडकाका म्हणत. गुहेतून आणलेले, तिळाच्या अर्ध्याएवढे कीटक औषधात पारदर्शक करायचे, मिशांचा एकही सांधा न मोडता काचेवर पसरायचे आणि वरून पातळ काच ठेवायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. प्रत्येक स्लाइडच्या चिठ्ठीवर कीटक पकडणाऱ्याचं नाव असे, ओळखणाऱ्याचं असे. बसवणाऱ्याचं नाव लिहायला तिथे जागाच नव्हती.

ओळखणारे म्हणजे सर. अंधारात पिढ्यान् पिढ्या काढल्यावर कीटकाचे डोळे जातात आणि मिशीवरचं वासाचं अंग मोठं होतं, हा त्यांचा हयातभराचा विषय. स्वतः ते कधी गुहेत उतरले नाहीत. गुडघ्यांचं निमित्त होतं आणि ते दरवर्षी टिकून होतं.

काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका नव्या गुहेतून बाटली आली. त्यातल्या बारा स्लाइडा पाहून सर खुर्चीतून उठलेच. बाहेर पालापाचोळ्यात राहणाऱ्या भाऊबंदांपेक्षा यांचं वासाचं अंग दुप्पट होतं. एवढा एकच फरक, पण सरांना तेवढा पुरला. जात नवी ठरली आणि तिला काकांचं नाव द्यायचंही ठरलं.

घरी मुलीने तासाभरात सगळ्या नातेवाइकांना कळवलं. "निदान डोळ्यांना दिसेल असा तरी किडा द्यायचा," असं म्हणत बायकोनेही बहिणीला दोनदा फोन केला. काकांना तर आपण हवेत चालतोय असं वाटत होतं.

मग बाटली धुताना तळाशी तेरावा कीटक सापडला. काकांनी तो नीट बसवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वासाचं अंग अगदी साधं होतं, पालापाचोळ्यातल्यांएवढंच. मग त्यांना आठवलं. बुडबुडे निघावेत म्हणून त्या बारा स्लाइडांवर त्यांनी शुक्रवारी तासाभरासाठी वजनं ठेवली होती. तेवढ्यात मेहुण्याचं सामान हलवायला बोलावणं आलं आणि वजनं उतरली ती थेट सोमवारी. अंग वाढलं नव्हतं, चेपून पसरलं होतं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "सांगून टाका सरांना. किड्यावाचून आपलं काय अडलंय?" ती म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

काका तेरावी स्लाइड घेऊन सरांसमोर उभे राहिले आणि वजनांची गोष्ट एका दमात सांगून मोकळे झाले. सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग म्हणाले, हा गुहेच्या तोंडाशी सापडला असणार, उजेडातला आहे. सगळे एकाच बाटलीतले आहेत, असं काकांनी सांगितलं.

"मग ही स्लाइड तुमच्या हातून बिघडली, काका," सर मायेने म्हणाले. "वयानुसार होतं. मनाला लावून घेऊ नका. टाकून द्या ती."

काकांनी स्लाइड उचलली आणि खिशात ठेवली.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी छापील शोधनिबंध हातात दिला. पहिल्याच ओळीत कीटकाला काकांचं नाव होतं. शेवटच्या पानावर बारीक टाइपात लिहिलं होतं, की तेरावा नमुना तंत्रज्ञाच्या चुकीमुळे वगळला आहे. भाषणात सर म्हणाले, या माणसाचा हात एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही. टाळ्या पडल्या. काकांना मनापासून शरम वाटली.

भाषणं आटोपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि काका आपल्या खोलीत गेले. टाकून न दिलेली स्लाइड त्यांनी खिशातून काढली आणि चिठ्ठीवर गुहा आणि तारीख लिहिली. त्याखाली जागा नसतानाही, अक्षर बारीक करून, बसवणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. मग ती त्या बारांच्या शेजारी, त्याच खणात ठेवली.