'ऑफ' शब्दाचा अजून एक अर्थ

मंडळी, आज दुपारी नातीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. शब्द होता 'ऑफ'. दिवा ऑफ, रविवारचा ऑफ, दूध ऑफ म्हणजे नासलेलं. कुठे नाम, कुठे विशेषण, कुठे क्रियाविशेषण. "आजी, अजून एखादा अर्थ आहे का गं?" तिने विचारलं. मी काहीतरी निमित्त काढून उठले.

सत्तरच्या दशकात आम्ही धुळ्याकडून सुरतेला आलो. माझे वडील, बापू, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात होते. आईला गुजराती येत नव्हती, पण 'ऑफ' कळायचं. बापूंच्या सुट्टीला ती तेच म्हणायची.

एका सकाळी, बापूंची रात्रपाळी सुटायच्या आधीच, त्यांच्यासोबत काम करणारे रमणभाई दारात आले. म्हणाले, "बेन, भाई ऑफ थई गया."

आई हसली. "आज लवकर सुट्टी व्हयनी का? बरं व्हयनं. बठा, चहा ठेवस." बापूंच्या अंघोळीचं पाणीही तिने तापायला ठेवलं.

रमणभाई तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. आई गोंधळली. मला विचारलं, "हाऊ भाऊ काय सांगस?"

मी गुजराती शाळेत जात होते. माणूस गेला की सुरतेत 'ऑफ थई गया' असंच म्हणतात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "माय, बापू मरी गया."

तिने खाडकन माझ्या थोबाडीत मारली. मग रमणभाईंनी होकारार्थी मान हलवली, तेव्हा मला जवळ ओढून ती खाली बसली.

नातीला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?