अन् मी कप्पा बंद केला

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. नाई, ठेवाच! मागच्या खेपेले हा किस्सा सांगतला तवा एकाच्या नाकातून चहा आला, अन् डाग पडला माह्या सदऱ्यावर. फजिती माही, किस्सा माहा, अन् कपडेबी माहेच खराब व्हावे का?

तर झालं असं. माहा साळा दिनेश. पोरगा सोन्यासारखा, बागायती शेती, सुपारीचंबी व्यसन नाई. पण शेतकरी पोट्ट्याले आजकाल पोरगी देते कोण? जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "नोकरी हाये का?" बिचाऱ्याचे कानावरचे केस पांढरे व्हाले लागले होते. अन् अशात उंद्रीच्या वामनरावांचा निरोप आला, नोकरीचं आमाले काई नाई, या पोरगी पाहाले!

घरात नुसती दिवाळी! ठरलं, रविवारी माह्या गाडीनं चिखलीहून निघाचं. मी, दिनेश अन् माहे सासरे, म्हणजे मामाजी. मामाजी सोयरिकीच्या बैठकीत बोलाले लागले की समोरचा माणूस "नाई" म्हणणंच विसरते. आमची सगळी भिस्त त्याइच्या तोंडावर. हे ध्यानात ठेवा.

गाडी निघाली, अन् पहिल्याच खड्ड्यात डॅशबोर्डचा कप्पा खाडकन उघडला. झाकण सरळ मामाजीच्या गुडघ्यावर!

"अयाया!"

"काई नाई मामाजी, खटका सैल झाला," म्हणत मी झाकण लावलं. दुसरा खड्डा. खाडकन! अन् आपल्या रस्त्याले खड्ड्याची काय वाण? मामाजीचे गुडघे आधीच दुखरे, त्यात हा मार.

"भाऊजी, आत काई अडकलं असंल. सगळं बाहेर काढून पाहा ना," दिनेश मागून बोलला.

"तू गुमान केस विंचर बे! गाडी माही हाये का तुही?"

आता तुमीच सांगा, काय चुकीचं बोलला तो? काईच नाई! पण दुरुस्तीचं नाव निघालं की माह्या अंगात येते. घरचा मिक्सर मीच दुरुस्त केला. तवापासून संगीता, म्हणजे आमची मंडळी, चटणी पाट्यावर वाटते.

अर्ध्या वाटेत टपरीवर थांबलो. गरम भजे खाल्ले. बाजूच्या दुकानातून मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेतली. गाडीपाशी आलो तं मामाजी बाभळीच्या आडोशाले गेलेले, अन् दिनेश गाडीच्या आरशात भांग पाडून राह्यला. कप्प्यात कागदं, फडके, उदबत्तीचा पुडा, अन् सगळ्याइच्या वर एक गुंडाळलेला रुमाल. म्हणलं रुमालच तं हाये, दाबला आत! कडेकडेनं गोंद फिरवला, झाकण लावलं अन् गुडघा देऊन बसलो.

अन् काय चिकटलं म्हणता! गाडी भंगारात गेली असती, पण झाकण हाललं नसतं.

मामाजी आले. कप्प्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, बोलले काईच नाई. मले वाटलं, जावयाचा हुन्नर पाहून माणूस गार झाला. छाती फुगवून गाडी हाणली. उंद्रीत वामनरावांच्या दारात गाडी लावली, तसं मामाजीनं झाकण ओढलं. एकदा. दोनदा.

"उघडा," ते म्हणाले.

"काऊन? आताच तं बंद केला!"

मामाजीनं तोंड उघडून दाखवलं. आत एक दात नाई!

भज्यातल्या मिरचीचं बी कवळीखाली गेलतं. मामाजीनं कवळी काढली, धुतली अन् हिरडीची आग थांबेपर्यंत रुमालात गुंडाळून... हाव. तोच रुमाल!

मी ओढलं, दिनेशनं ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. तेवढ्यात वामनराव हात जोडून खिडकीपाशी हजर. "या पाव्हणे, या!"

बैठकीत मामाजी बसले ते तोंडावर दुपट्टा लावून. वामनरावांनी पीकपाण्याचं विचारलं, मामाजीनं मान हालवली. तब्येतीचं विचारलं, मान हालवली. पोरगी आली, प्रतिभा. हसरी, धीट. तिनं फराळाचं ताट ठेवलं. चकल्या, शंकरपाळे, शेंगदाण्याचे लाडू. एक जिन्नस असा नाई जो हिरड्यानं फुटंल!

आता तुमाले माहीतच हाये, पोरगी पाहाले गेल्यावर वडीलधाऱ्यानं ताटाले हातच नाई लावला तं मंडळी काय समजते? नापसंत!

वामनरावांचा चेहरा पडला. मी घाईघाईनं बोललो, "मामाजीले उपास हाये."

"आसं होय! मंग लाडू चालते की. निस्ता शेंगदाणा अन् गूळ हाये."

"निर्जळी हाये!"

"चहा तं घेतला आता."

दुपट्ट्याआडून मामाजीनं माह्याकडे असं पाह्यलं, की मले तिथूनच पायी चिखलीले जावं वाटलं. पण थांबीन तं मी कसला? "अन् मौनबी हाये त्याइले," मी ठोकून देलं.

"सकाळी फोनवर तं पंधरा मिनटं बोलले माह्यासंग!" वामनराव उठून उभे राह्यले. "हे पाहा पाव्हणे, नसंल पसंत तं सरळ सांगा. पोरगी काई जड नाई झाली आमाले."

मी दिनेशकडे पाह्यलं. पोट्ट्याच्या डोळ्यात पाणी! लै वाईट वाटलं हो. म्हणलं गेली इज्जत तं जाऊ द्या आपली.

"वामनराव, पोरगी पसंत हाये! दात गाडीत हायेत!"

सगळं सांगतलं. वामनराव आ करून पाहून राह्यले. अन् आतून एक हसू फुटलं, असं खळखळून, की विचारू नका. प्रतिभा पदर तोंडात धरून हसत आली, "बाबा, स्क्रू खोलाचा पेचकस आणू का?"

आणलाबी! अख्खं घर गाडीभोवती. दिनेशनं झाकण धरलं, प्रतिभानं फटीत पेचकस घातला. "तुमी ओढा, मी दाबते." पसंती तिथंच झाली म्हणा ना! काडकन झाकणच तुटून आलं. कागदं पडले, रुमाल दिनेशनं वरच्यावर झेलला, अन् मागून फडक्यातलं काईतरी धप्पकन माह्या पायावर पडलं.

फडकं सोडलं तं आत दगड! चांगला पावशेराचा, हळद-कुंकू लावलेला.

मी संगीताले फोन लावला. "अवं, गाडीत दगड कोणं ठेवला?"

"मी ठेवला! तिघंजण शुभकामाले जाऊन राह्यले, तीन तिगाडा काम बिगाडा. म्हणून चौथा माणूस म्हणून दगड देला संग. तुमाले सांगतलं असतं तं दात काढले असते."

फोनचा आवाज मोठा ठेवलेला. दात म्हणल्याबरोबर अख्खं आंगण हसलं.

म्हणजे खटका बरोबर होता! दगडाच्या फुगवट्यानं झाकण बसत नव्हतं. सामान बाहेर काढलं असतं तं एका मिनटाचं काम. दिनेशनं सांगतलंबी होतं!

मामाजीनं कवळी धुतली, बसवली, बैठकीत आले अन् पह्यलं काम काय केलं? चकली उचलली. कडाड्कन वाजली! तो आवाज आयकून वामनरावांनी असा श्वास सोडला, की बस. मंग मामाजी बोलाले लागले ते थांबतेच कुठं? अर्ध्या घंट्यात साखर वाटली. दिनेश तं हवेतच. प्रतिभाची एकच अट, लग्नात मांडवाच्या वायरीले भाऊजीनं हात लावाचा नाई.

निघतानी आमी परत तिघंच. मी तो दगड पुसला, दोन्ही हातानं धरला अन् बिनझाकणाच्या कप्प्यात ठेवाले वाकलो.

मामाजीनं हळूच माहा हात धरला. आजवर या माणसानं मले "अहो-जाहो"शिवाय हाक मारली नाई. आताबी आवाजात तोच मान.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "तुमी हायेत ना सोबत."