काटापूजनाची तारीख

त्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याला निघाले ती जरा तोऱ्यातच. अमरावतीला घरी बसून तीन महिने खपून केलेलं काम दाखवायचं होतं. अकोल्याच्या एका शेतकरी कंपनीनं सभासदांच्या सेंद्रिय कापसाच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवल्या होत्या. तिथं चढलेली नोंद कुणाला पुसता येत नाही, हे खरं. पण शोधायची म्हटली तर नाकी नऊ येतात. सगळ्या जगाच्या नोंदी एकामागून एक लागलेल्या, त्यात आपली कुठली? आमच्या तेवढ्या वेचायच्या, नीट लावायच्या आणि विचारलं की उत्तर मिळेल अशी सोय करायची, हे माझं काम. गाठीवरचा कोड मोबाईलसमोर धरला की कापूस कोणाच्या शेतातला ते दिसलं पाहिजे. चार वाजता सूतगिरणीचा माणूस येणार होता. ज्या गाठीचं मूळ सापडणार नाही, ती तो घेणार नव्हता.

दुपारी एकला सभासदांना दाखवायला बसले. कोड धरला की नाव यायचं, लोक खूश व्हायचे. मग साठीच्या एक बाई पुढे आल्या. त्यांच्या चार गाठी होत्या. कोड धरला आणि पडद्यावर आलं, नोंद सापडली नाही.

“माहं नाव कावून नाई दिसून राह्यलं?”

“काकू, तुमची नोंद झालीच नसेल,” मी म्हटलं. तपासायच्या आधीच म्हटलं, याची आजही लाज वाटते.

बाई पेटल्याच. “नाई कशी झाली? काटापूजनाले पयला कापूस माहाच होता. शेला देला, नारय देला, फोटो काढला. तुह्या मशिनीलेच माहं नाव कडू लागते का?” आणि पिशवीतून पावती काढून टेबलावर आपटली.

पावतीवरची तारीख पाहिली आणि माझा तोरा उतरला. ब्लॉकचेन अगदी पहिल्यापासून वाचत बसलं तर आठवडे जातात, म्हणून वाचायला कुठल्या ब्लॉकपासून, म्हणजे नोंदींच्या कितव्या गठ्ठ्यापासून लागायचं तो आकडा आपणच द्यायचा असतो. मी तो खरेदीच्या निमंत्रणपत्रिकेवरची तारीख धरून दिला होता. ती तारीख पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटनाची होती. वजनकाट्याची पूजा मात्र मुहूर्त साधून चार दिवस आधीच झाली होती, आणि पहिल्या गाडीचा मान बाईंचा म्हणून त्यांचा कापूस तेव्हाच नोंदला होता. मी वऱ्हाडातच वाढले. इथली खरेदी काटापूजनानं सुरू होते, पत्रिकेनं नाही, एवढं मला कळायला हवं होतं. स्वतःचाच भयंकर राग आला.

कंपनीचे व्यवस्थापक जवळ सरकले. “म्याडम, हातानं टाकून द्या ना एक नाव. कोन पाहून राह्यलं?”

“मी पाहून राह्यली ना,” मी म्हटलं, जरा जोरातच. आज मी एक नाव हातानं घातलं तर उद्या कोणीही काहीही घालेल. मग जुनी कागदाची वही काय वाईट होती?

आकडा बदलला, माझ्याकडे लावलेली सगळी यादी पुसली आणि वाचन पुन्हा सुरू केलं. दोन-अडीच तास लागणार होते. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी ठाण मांडलं. “होऊ दे. मी कुठी जात नाई.” मीही जागची हलणार नव्हते. मध्ये नेट गेलं, तेव्हा माझ्या मोबाईलवरून जोडून घेतलं. डबा उघडलाच नाही.

पावणेचारला वाचन संपलं. बाईंनी स्वतः कोड धरला. गाव आलं, शेत आलं, काटापूजनाची तारीख आली आणि त्यांचं नाव आलं, यादीत सगळ्यात वर. माझा जीव भांड्यात पडला.

“काकू, आलं बघा तुमचं नाव!”

त्यांनी पावतीची घडी घातली, पिशवीत ठेवली.

“माहं नाव तं पयलेपासून होतंच, बाई. तूच उशिरा आली.”